ख्रिस्ती धर्मविचारातील ईश्वरी प्रीती

परमेश्वर माणसावर प्रेम करतो, असे बहुतेक ईश्वरवादी धर्म मानतात. ख्रिस्ती धर्मविचाराचे म्हणणे याहून धाडसी आहे. प्रीती हा परमेश्वराच्या अनेक गुणांपैकी एक गुण नसून ते त्याचे स्वरूपच आहे, असे तो सांगतो. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय हा या सिद्धान्ताचा मुख्य आधार. स्वरूपच प्रीतीचे म्हटल्यावर परमेश्वराचे सामर्थ्य, ज्ञान, पावित्र्य आणि न्याय यांचा अर्थही प्रीतीला धरूनच लावावा लागतो. तिथूनच अवघड प्रश्न सुरू होतात. जग नव्हते तेव्हा परमेश्वर कोणावर प्रेम करत होता? ज्याच्यात प्रेम करण्याजोगे काही नाही, त्याच्यावर तो प्रेम का करतो? प्रेम करणाऱ्याच्या वाट्याला दुःख येते, मग परमेश्वराच्याही येते का? आणि तो सर्वांवर प्रेम करत असेल तर न्याय आणि शिक्षा कशासाठी?

या प्रश्नांची चर्चा प्रामुख्याने अँटिओक, रोम, पॅरिस, विटेनबर्ग अशा शहरांत झाली. पण तिचे काही धागे ठाणे-कल्याण पट्ट्यापर्यंत येतात. या बंदरांशी ख्रिस्ती धर्माचा संबंध पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्या इतिहासात यांतले काही प्रश्न प्रत्यक्ष समोर आलेले दिसतात.

बायबलमधील आधार

जुन्या करारात परमेश्वराची प्रीती कराराच्या भाषेत येते. इस्राएल लोकांशी त्याने करार केला. ते लोक वारंवार तो मोडतात, पण तो सोडून देत नाही. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील होशेय संदेष्ट्याने ही गोष्ट स्वतःच्या संसारातून मांडली. बेइमान झालेल्या पत्नीला तो परत घरी आणतो आणि परमेश्वराचे इस्राएलशी असलेले नाते असेच आहे असे सांगतो. त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात परमेश्वर हा लेकराला चालायला शिकवणारा बाप आहे, तर यशयाच्या ग्रंथात त्याची माया तान्ह्या बाळाच्या आईपेक्षाही मोठी ठरते. ही प्रीती हळवी आहे, तशीच ती रागावणारीही आहे. संदेष्ट्यांच्या लेखी परमेश्वराचा कोप म्हणजे प्रीतीचा अभाव नव्हे. जिव्हाळा असतो तिथेच दुखावले जाणेही असते.

नव्या करारात या प्रीतीचे सर्वांत परिचित चित्र लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आहे. वाटणी घेऊन गेलेला धाकटा मुलगा सगळे उधळून, डुकरे राखून, उपाशीपोटी परत निघतो. वाटेत तो बापापुढे म्हणायची वाक्ये जुळवतो: आपण पाप केले, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मजूर म्हणून ठेवून घ्यावे. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळच्या समाजात वयस्क घरधन्याने लोकांदेखत धावणे प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. मुलगा बोलू लागतो, पण मजुरीची मागणी त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बापाने अंगरखा, अंगठी आणि जोडे आणायला सांगितलेले असते. मजूर होऊन परतण्याचा सौदा बाप होऊ देत नाही. थोरला भाऊ मात्र याच गोष्टीवर चिडून दाराबाहेर उभा राहतो आणि तो आत आला की नाही, हे दाखला सांगत नाही. लायकी नसताना मिळणारे प्रेम लायक माणसाला अन्याय वाटू शकते, ही अडचण दाखल्यातच नोंदलेली आहे.

प्रेषित पौलाने हाच विचार रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सिद्धान्ताच्या रूपात मांडला. माणसे सुधारल्यावर नव्हे, तर पापी असतानाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मेला. परमेश्वराच्या प्रीतीचा पुरावा तोच.

त्रैक्य : जगाच्या आधीची प्रीती

प्रेमाला दुसरा कोणीतरी लागतो. परमेश्वर प्रीतिस्वरूप असेल आणि जग अनादी नसेल, तर निर्मितीपूर्वी ही प्रीती कोणावर होती? ख्रिस्ती धर्मविचार याचे उत्तर त्रैक्याच्या सिद्धान्तातून देतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांतील परस्परप्रीती हेच एका परमेश्वराचे जीवन आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी त्रैक्याची उपमा प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम केले जाते तो आणि प्रेम अशा त्रयीने दिली. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील रिचर्ड यांनी हा युक्तिवाद पुढे नेला. दोघांचे प्रेम एकमेकांतच बंदिस्त राहू शकते; ते पूर्ण व्हायचे तर दोघांनी मिळून तिसऱ्यावर प्रेम करायला हवे, असे त्यांचे म्हणणे.

यातून निर्मितीविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. परमेश्वराला जगाची गरज नव्हती. एकटेपणा घालवायला किंवा स्तुती ऐकायला त्याने माणूस घडवला नाही. मुळात भरलेल्या प्रेमातून त्याने दिलेले हे दान आहे. गरजेपोटी केलेले प्रेम समोरच्याकडून काही घेते. गरज नसताना केलेले प्रेमच पूर्णपणे दुसऱ्याच्या भल्याचे असते.

निर्मितीचा हा अर्थ पूर्वेकडील सिरियाक भाषक ख्रिस्ती परंपरेत विशेष ठळक आहे आणि कल्याणचा संबंध याच परंपरेशी येतो. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापारी-प्रवाशाने ‘कल्लियाना’ या बंदरात पर्शियाहून नेमलेला धर्माध्यक्ष असल्याचे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळी भारतातील ख्रिस्ती मंडळी पर्शियाच्या आखातावरील रेव अर्दशीरच्या महाधर्माध्यक्षाच्या अधिकारात होती. आखाताच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचा बेथ कत्राये, म्हणजे आजच्या कतारचा प्रदेशही त्याच अधिकारक्षेत्रात येई. सातव्या शतकातील संत इसहाक निनेवेकर मूळचे तिथले. जग प्रेमातून निर्माण झाले, प्रेमानेच चालते आणि शेवटी प्रेमातच सामावेल, हे त्यांच्या लेखनाचे सूत्र आहे. केरळातील सिरो-मलबार पंथ याच पूर्व सिरियाक उपासनापद्धतीचा वारसा सांगतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत स्थायिक झालेल्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबांत या पंथाचे लोक आहेत आणि १९८८ साली त्यांच्यासाठी स्थापन झालेल्या धर्मप्रांताला कल्याणचेच नाव दिले आहे.

पात्रतेचा प्रश्न

माणूस सहसा चांगले दिसेल त्यावर प्रेम करतो. वस्तूतील चांगुलपणा आधी, प्रेम नंतर. परमेश्वराच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे, असे तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी दाखवले. परमेश्वराची प्रीती वस्तूत चांगुलपणा शोधत नाही, ती तो उत्पन्न करते. कोणतीही गोष्ट चांगली आहे याचे कारण परमेश्वराने तिच्यावर प्रेम केले, हे आहे. १५१८ साली हायडेलबर्गच्या वादसभेत मार्टिन ल्यूथर यांनी हाच मुद्दा पापी माणसाला लावला. पाप्यावर प्रेम केले जाते ते तो सुंदर आहे म्हणून नव्हे. प्रेम केले गेल्यामुळे तो सुंदर होतो. पुढे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात कडाक्याचे वाद झाले, तरी या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे हे आचार्य फारसे दूर नाहीत.

हा विचार महाराष्ट्राच्या इतिहासात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतो. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. लंडनच्या फुलहॅम भागात याच भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवत होत्या. या स्त्रियांना कोणी हिणवत नाही, उलट मायेने वागवले जाते, हे पाहून रमाबाईंनी त्यामागचे कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवण्यात आली: विहिरीवर एकट्या आलेल्या, पाच नवरे झालेल्या परजातीय स्त्रीशी येशू आपणहून बोलतो आणि तिला पाणी मागतो. आपल्या ख्रिस्ती होण्यामागे या अनुभवाचा वाटा असल्याचे रमाबाईंनी पुढे लिहिले. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ काढले. लायकीची विचारपूस न करता जवळ घेणे हे त्या आश्रमाचे धोरण वरील सिद्धान्ताला धरूनच होते.

विसाव्या शतकात स्वीडिश विद्वान अँडर्स नीग्रेन यांनी या विचाराला टोकदार रूप दिले. ‘आगापे आणि इरॉस’ या दोन खंडांच्या ग्रंथात (१९३०, १९३६) त्यांनी प्रेमाचे दोन प्रकार मानले. एक वरून खाली येणारे, निरपेक्ष देणारे प्रेम. दुसरे खालून वर जाणारे, काही मिळवू पाहणारे. पहिलेच काय ते ख्रिस्ती आणि दुसरे ग्रीक, असे त्यांचे मत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डिसेंबर २००५ मधील आपल्या पहिल्या परिपत्रकात ही फारकत नाकारली. परमेश्वराच्या प्रीतीतही ओढ आहे, नाहीतर होशेयच्या ग्रंथातील व्याकूळपणाचा अर्थ लागणार नाही. फरक इतकाच की त्या ओढीत स्वार्थ नाही. माणसाकडून प्रेमाची अपेक्षाच न ठेवणारा परमेश्वर उदार म्हणता येईल, पण त्याला प्रेमळ म्हणणे कठीण जाईल.

क्रूस आणि परमेश्वराचे दुःख

ख्रिस्ती श्रद्धेनुसार ईश्वरी प्रीतीची परिसीमा येशूच्या क्रूसावरील मरणात आहे. या मरणाने नेमके काय साधले, याविषयी दोन विचार प्रभावी ठरले. कँटरबरीचे अॅन्सेल्म यांनी १०९८ च्या सुमारास असे मांडले की पापाने विस्कटलेली व्यवस्था सावरायला भरपाई हवी होती. ती देणे माणसाचे कर्तव्य होते, पण शक्ती फक्त परमेश्वराकडे होती, म्हणून परमेश्वराने मानव होऊन ती दिली. त्यांच्यानंतरच्या पिढीतील पीटर आबेलार यांनी भर दिला तो प्रीतीच्या दर्शनावर. इतक्या टोकाचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते आणि तो उलट प्रेम करू लागतो. पहिल्या विचारात प्रीती न्यायाला बाजूला न सारता त्याची किंमत स्वतः भरते. दुसऱ्यात ती माणसाचे हृदय जिंकते. आज अनेक धर्मपंडित हे दोन्ही विचार परस्परपूरक मानतात.

मग क्रूसावर दुःख कोणी सोसले? ग्रीक तत्त्वज्ञानाच्या प्रभावाखालील प्राचीन आचार्यांना परमेश्वर निर्विकार आहे, हे गृहीत होते. पाचव्या शतकातील ख्रिस्तविषयक वाद याच मुद्द्याला भिडले. पर्शियातील पूर्वेची मंडळी मॉप्सुएस्तियाच्या थिओडोर यांच्या परंपरेतली. ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी स्वभाव तिने कटाक्षाने वेगळे ठेवले आणि दुःख मानवी स्वभावाने सोसले असे शिकवले. एफिसस (४३१) आणि कॅल्सिडॉन (४५१) या परिषदांनी ख्रिस्ताच्या एकत्वावर भर दिला: स्वभाव दोन, पण व्यक्ती एकच, म्हणून मेला तो परमेश्वराचा पुत्रच. कल्याणच्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीचा संबंध यातल्या पहिल्या परंपरेशी, तर पोर्तुगीजांबरोबर ठाण्याला आलेल्या धर्मगुरूंचा दुसरीशी. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या असिरियन मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्र काढून हा मतभेद मुख्यतः भाषेचा होता असे मान्य केले.

लोकांच्या भक्तीत मात्र हे सूक्ष्म भेद उरत नाहीत. फ्रान्सिस्कु वाझ दे गिमाराइश यांनी १६५९ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलेले पुराण वसई-साष्टी-ठाणे भागातील मराठी बोलीत आहे आणि ते इथल्या ख्रिस्ती समाजात उपवासकाळात गायले जाई. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, पण हे पुराण टिकले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापलेही गेले. गाणाऱ्यांच्या दृष्टीने क्रूसावर सोसणारा येशू हाच परमेश्वर होता. त्याच्या वेदनेचा वाटा कोणत्या स्वभावाकडे जातो, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

विसाव्या शतकात दोन महायुद्धांनंतर विद्वानांचाही कल याच बाजूला झुकला. जपानी धर्मपंडित काझो कितामोरी यांनी १९४६ साली परमेश्वराच्या वेदनेवर ग्रंथ लिहिला. युद्धकैदी म्हणून दिवस काढलेले जर्मन विचारवंत युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ साली ‘क्रूसावरचा परमेश्वर’ हा विषय मांडला. ज्याला दुःख होऊच शकत नाही त्याला प्रेमही करता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा. यावर परंपरावादी पक्षाचे उत्तरही दुर्लक्षण्याजोगे नाही. बुडणाऱ्याला वाचवणारा स्वतः पाण्यात उतरतो, पण त्याचा हात काठाशी घट्ट असावा लागतो; दुःखाने ढळणारा परमेश्वर दुःखितांना तारणार कसा? परमेश्वर नाइलाजाने सोसत नाही, तर स्वेच्छेने दुःख पत्करतो, हा मधला मार्ग आज अनेकांना मान्य आहे.

प्रीती आणि न्याय

सर्वांवर प्रीती असेल तर सर्वांचे तारण व्हायला हवे. इथे ख्रिस्ती पंथांत खरी फूट आहे. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १६१८–१९ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेत ठरवले की परमेश्वर काही लोकांना तारणासाठी निवडतो आणि ही निवड सर्वस्वी त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. अर्मिनियसचे अनुयायी आणि पुढे जॉन वेस्ली यांनी याला विरोध केला. त्यांच्या मते कृपा सर्वांना देऊ केलेली आहे आणि ती नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलेले नाही, पण जे प्रामाणिकपणे परमेश्वराला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे जाहीर केले.

नरकाविषयी इसहाक निनेवेकरांचे उत्तर वेगळे आहे. परमेश्वर सूड घेत नाही. नरकातल्यांना छळते ती त्याची प्रीतीच, कारण ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याचे प्रेम पश्चात्तापाशिवाय झेलणे असह्य असते. प्रीती एकच असते, पण स्वीकारणाऱ्याला ती आनंद वाटते आणि पाठ फिरवणाऱ्याला दाहक. या दृष्टीने न्याय म्हणजे प्रीतीचा शेवट नसून तिच्यासमोर उभे राहणे आहे.

माणसाचा प्रतिसाद

ईश्वरी प्रीती फुकट मिळते, पण ती माणसाला होता तसा सोडत नाही. शेजाऱ्यावर आणि शत्रूवरही प्रेम करावे ही येशूची आज्ञा याच प्रीतीतून निघते. या आज्ञेची कसोटी लावण्यासारखी एक घटना ठाण्यातच घडली. १३२१ साली तोलेन्तिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे फ्रान्सिस्कन ओर्मुझहून कोल्लमला निघाले होते, पण जहाजाने ते ठाण्याला पोहोचले आणि तिथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेच्या मंडळीच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. त्या घरातील नवरा-बायकोत भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले आणि ती काझीकडे गेली. साक्षीदार म्हणून या परदेशी धर्मगुरूंचे नाव निघाले. काझीपुढे प्रश्न भांडणावरून धर्मावर गेले, थॉमस यांनी इस्लामविषयी कठोर उत्तर दिले आणि एप्रिल महिन्यात चौघांनाही ठार मारण्यात आले. त्यांचे सोबती, डोमिनिकन जॉर्डन यांनी मृतदेह सोपाऱ्याला पुरले आणि पुढे पोर्देनोनेचे ओदोरिक अस्थी चीनला घेऊन गेले. या हत्येला जबाबदार असलेल्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला दिल्लीच्या सुलतानाने मृत्युदंड दिल्याचेही ओदोरिक सांगतात.

चर्चच्या परंपरेत हे चौघे हुतात्मे आहेत आणि थॉमस यांना १८९४ साली धन्यवादित घोषित करण्यात आले. तरी बलिदान आणि प्रीती या एकच गोष्टी नव्हेत, हे खुद्द बायबल बजावते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल म्हणतो, की शरीर जाळायला दिले तरी प्रीती नसेल तर त्याचा उपयोग नाही. मरणाचे धैर्य आणि वादातील कणखरपणा पौलाच्या लेखी पुरेसा नाही. समोरच्याचे भले चिंतले जाते की नाही, हे पाहावे लागते. हौतात्म्याचा गौरव करताना चर्चनेही ही अट मान्य केली आहे: हुतात्म्याने मारणाऱ्याला क्षमा करावी, अशी अपेक्षा पहिला हुतात्मा स्तेफन याच्या मरणापासून चालत आलेली आहे.

रोजच्या जीवनात हा प्रतिसाद कमी नाट्यमय, पण तितकाच कठीण असतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळे-ओवळे पाळणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या मनाचा पालट आला आहे. जातिभेद परमेश्वराने केलेला नाही, माणसांनी केला आहे, हे उमगल्यावर कोणाच्याही हातचे खायचे त्या ठरवतात. हे पाऊल त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधी उचलले. सिद्धान्त पटण्याआधी पाण्याच्या तांब्याचा प्रश्न सुटला.

मराठी रूप

ख्रिस्ती प्रीतिविचाराला मराठीत भक्तिसंप्रदायाची भाषा तयार मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवी छंदात रचले. लहानपणी काही वर्षे कल्याणच्या शाळेत शिकलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरू आहे, तशीच माउलीही आहे. वारकऱ्यांच्या विठाईशी हे नाते उघड आहे आणि होशेय-यशयाच्या मातापित्याच्या प्रतिमांशीही ते जुळते.

साम्य असले तरी दोन ठिकाणी भेद राहतो. भक्तिपरंपरेत ईश्वर भक्तांसाठी युगायुगांत अवतार घेतो. ख्रिस्ती मत अवतरण एकदाच आणि कायमचे झाले असे मानते, म्हणून रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळातील एका विशिष्ट मरणाला त्यात मध्यवर्ती स्थान आहे. दुसरा भेद पापाविषयी. संतही स्वतःला पतित म्हणतात, पण ख्रिस्ती विचारात पाप हे अज्ञान किंवा कर्मबंधन नसून मुख्यतः तुटलेले नाते आहे, आणि ते नाते ज्याच्याशी तुटले त्यानेच पुढे येऊन जोडणे म्हणजे प्रीती. टिळकांनी भक्तीची भाषा घेतली, पण हे दोन्ही मुद्दे सोडले नाहीत. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य त्यांनी सुरू केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.